तिसऱ्या राखणदाराची बारी

आमच्या आबांना फुटबॉल कळत नव्हता असं नातेवाईक अजून हसत हसत सांगतात. ते खरं नाही. त्यांना तो पुरता कळला होता, फक्त त्यांनी तो मेंढरांकडून शिकून घेतला होता. सगळीकडून जीव धावत असतात, एखादी जागा मोकळी राहिली की सगळं तिथूनच निघून जातं, आणि ती जागा धरून उभं राहणारं एक माणूस लागतं, ज्याच्याकडे काही निसटून गेल्याशिवाय कुणाचं लक्ष जात नाही. गोलकीपर म्हणजे काय, हे मला पुढे एकाही प्रशिक्षकाने याहून नीट सांगितलं नाही. आज मी ताडकळसच्या शाळेत पोरींना फुटबॉल शिकवते. जिना चढताना डावा गुडघा कुरकुरतो. फुटबॉलात पस्तिशी ओलांडली की बाई म्हातारीच असते, तेव्हा म्हातारपणी आठवणी लिहायचा हक्क मी जरा लवकर बजावून घेते आहे, एवढंच.

आम्ही मेंढपाळ. दिवाळी झाली की माय आणि आबा मेंढरं घेऊन निघायचे, ते पावसाळा तोंडावर आला की परतायचे. शेतकरी लेंडीखतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात ज्वारी देतात. एका रानात दोन-तीन मुक्काम झाले की पुढचं रान. दिवस कलला की मोकळ्या वावरात मेखा ठोकायच्या आणि भोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीचं जाळं, कंबरेएवढं उंच, आबांनी स्वतःच्या हाताने विणलेलं. तिच्या एकेका भोकाला आमच्यात घर म्हणतात. घर चार बोटांचंच असलं पाहिजे. मोठं झालं तर कोकरू मुंडी घालून अडकतं आणि ओरडून सगळा कळप उठवतं. सुट्टीत मी त्यांच्या मागे रानात असायची, तेव्हा वाघर लावायचं काम माझ्याकडे. मी एका मेखेपासून गाठी मारत निघाले की आबा माझ्या मागून यायचे. माझी प्रत्येक गाठ सोडायचे आणि पुन्हा बांधायचे, चांगली बसलेलीसुद्धा. मला त्याचा असा राग यायचा की त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी जेवायलाच बसायची नाही. एकदा न राहवून विचारलंच, "ही तर चांगली बसली व्हती. कामून सोडली?" आबा गाठ आवळत म्हणाले, "चांगलीच व्हती. पर मला झोप लागाया पायजे ना."

शाळेच्या दिवसांत मी राणीसावरगावला आत्याकडे राहायची. आत्या एकटीच होती आणि रोजंदारीला जायची. सकाळी मी उठायच्या आत टोपल्यात भाकरी झाकलेली असायची, तिच्यावर अंबाडीची भाजी आणि कडेला ठेचा, आणि दार नुसतं लोटलेलं. संध्याकाळी ती यायची, ती इतकी दमलेली की "खाल्लं का?" एवढं विचारण्यापुरताच आवाज शिल्लक असायचा. आत्या मला कधी टाकून बोलली नाही, तिने कधी जवळही घेतलं नाही. ती बाई मुळात कमी बोलणारी, आणि मी तिच्या घरात कमी बोलायला शिकले. मेंढरांत जन्मलेल्या पोरीला शांतता सोसत नाही, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण मेंढरं बसली की त्यांचं रवंथ, खोकणं, एखाद्या घुंगराची हालचाल, कुत्र्याचं कान फडफडवणं, असा सारखा एक आवाज अंगावर पांघरल्यासारखा असतो. आत्याच्या पत्र्याच्या घरात तो नव्हता. पत्रा तापला की कडकड वाजायचा आणि निवला की पुन्हा वाजायचा, तेवढीच काय ती सोबत. मला फार एकटं वाटायचं. त्याला एकटेपणा म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं, मी समजायची की मला भूकच लागली आहे, आणि उठून अजून अर्धी भाकरी खायची.

फुटबॉल आमच्या शाळेत आला तो केंद्रे सरांमुळे. शाळेला खेळाचं सामान मिळालं, त्यात दोन चेंडू निघाले, आणि सरांना वाटलं की कबड्डीला सगळेच जातात, पण मुलींच्या फुटबॉलला तालुक्यात कुणी संघच आणत नाही, तेव्हा नुसतं उभं राहिलं तरी आपण जिल्ह्याला जाऊ. सर हिशेबी माणूस. मला गोलात उभं केलं ते माझ्यात काही गुण दिसला म्हणून नाही. बाकीच्या पोरी मैत्रिणींच्या जवळ खेळायला मागत होत्या, मला जवळ जायला कुणी नव्हतं. बांबूचे खांब झाले, जाळं कुठून आणायचं? त्या पावसाळ्यात आबा घरी होते. त्यांनी जुनी, विरलेली वाघर खांद्यावर टाकून शाळेत आणली आणि खांबांना बांधून दिली. मग मागे सरकून उभे राहिले, जाळं नीट बघितलं आणि सरांना विचारलं, "ह्याच्यात काय कोंडायचं?" सर म्हणाले, "चेंडू." आबा म्हणाले, "मग पोरगी भाईर कामून उभी केली? आतून राखंल की." सरांना हसू आवरेना. मी मात्र पुढची कित्येक वर्षं गोलात उभी राहिले की पाठीमागे ती वाघर आहे असं धरून चालायची. पाठीशी काहीतरी ओळखीचं असलं की माणसाला बरं वाटतं.

तिथून क्रीडावसतिगृह, मग राज्य, मग देशाच्या संघाचं शिबिर, हा सगळा प्रवास मी इथे गुंडाळते, कारण तो सगळ्याच खेळाडूंचा सारखा असतो: गाडीची वाट बघणं आणि डाळभात. मला सांगायचं आहे ते त्या परदेशातल्या स्पर्धेबद्दल. निमंत्रितांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती ती, म्हणजे एका देशाने आणखी तीन देशांच्या बायकांच्या संघांना बोलावलं होतं. मी निवडली गेले, तिसरी गोलकीपर म्हणून. पहिली रोमी, मणिपूरची. दुसरी जस्सी, पंजाबची. ज्यांना खेळ माहीत आहे त्यांना तिसरी गोलकीपर म्हणजे काय ते सांगायला नको. पहिलीला ताप आणि दुसरीचा पाय मोडला, तर तिसरी. एरवी तिने सरावात चेंडू मारून द्यायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि सगळ्यांच्या फोटोत कडेला उभं राहायचं.

मी फोनवर आबांना हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांची मेंढरं तेव्हा बोरीच्या शिवारात होती, माणिकराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात. आबांचा फोन बटणांचा, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"किती सामने हायत?" आबांनी विचारलं.

"तीन. त्यात वर आलो तर मग फायनल."

"आन् राखणदार किती?"

"तीनच."

"मंग झालं तर, कौसे. तिसऱ्या रोजी तुझी बारी."

आता हे आबांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळेना, कारण आमच्यात असंच असतं. मेंढरांची राखण बारीबारीने होते. आधी म्हातारा, मग मधला, पहाटेला तिसरा. तिसऱ्याला कुणी कमी समजत नाही, उलट लांडगा यायचा तो पहाटेच येतो. मी म्हणाले, "आबा, इथं तसं नसतंय. चांगली असती तिलाच परत परत उभी करतेत."

"दमत न्हाई व्हय ती?" आबा म्हणाले. "आन् हे बघ, आवतन देऊन बोलावलंय ना तुमाला? आवतन देऊन बोलावलेल्या माणसाला पंगतीत बसवल्याबिगर कुणी लावून देतंय का? तू उगं घोर करू नको."

मग मायने फोन घेतला आणि तिकडे थंडी असेल तर घोंगडी ने, असं बजावलं. मी नेली. बाकीच्या पोरींच्या पिशव्यांतून क्रीम आणि हेडफोन निघाले, माझ्या पिशवीतून घोंगडी निघाली, आणि खोलीभर मेंढरांचा वास सुटला.

त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. समुद्रकाठचं गाव होतं, हिवाळ्यात रिकामं पडलेलं. मोठाली हॉटेलं, त्यातली अर्धी बंद, आणि सारखा वारा. मैदानाचं गवत इतकं सारखं कापलेलं होतं की मला पहिल्यांदा वाटलं, आमची मेंढरं आज इथे असती तर! सकाळच्या खाण्याला पाव, काळे-हिरवे ऑलिव्ह, पांढरं खारट चीज आणि उकडलेली अंडी असत. मी आत्याने दिलेली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खायची. रोमी माझ्याच खोलीत होती. तिला मराठी येत नव्हती, मला मणिपुरी, आणि हिंदी दोघींचीही कामापुरती. एके सकाळी तिने चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा बोट घातलं. तेवढीच आमची मैत्री. पण ती चांगली होती. माझ्या घोंगडीच्या वासाबद्दल तिने एकदाही नाक मुरडलं नाही, आणि मी खिडकी उघडली तर तीच उठून लावायची. दिवसभर माझ्याशी जे बोललं जायचं ते सगळं सूचना असायच्या: इथून मार, जोरात मार, डावीकडे मार, बस झालं. संघात वीसेक पोरी, जेवायच्या टेबलावर नुसता गलका, आणि मी त्यात बसून भाकरीच्या टोपल्याशेजारी बसल्यासारखीच गप्प. आत्याच्या घरात निदान पत्रा तरी वाजायचा.

पहिल्या सामन्यात रोमी उभी राहिली, आम्ही हरलो. दुसऱ्यात मॅडमनी तिला विश्रांती दिली आणि जस्सीला उतरवलं. आम्ही जिंकलो. आमच्या प्रशिक्षक मॅडम कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या, हे इथे लिहून ठेवते. त्या दिवशी बसमधून परतताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं की, आबा म्हणाले तसंच चाललंय की. पहिल्या रोजी पहिली, दुसऱ्या रोजी दुसरी. मला खेळाची रीत चांगली ठाऊक होती. तिसरा सामना जिंकला तरच फायनल, अशा सामन्यात कुणी तिसरी गोलकीपर उभी करत नाही, हे मी माझ्या पोरींना आज झोपेतसुद्धा सांगेन. पण माणसाने एकदा आशा धरली की शहाणपण कुठे आडवं येतं? तिसऱ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी फोन लावला. आबा म्हणाले, "उद्या आमी समदे बघायलोत. मालकाच्या फोनवर दिसतंय. विहिरीच्या कठड्यावर बसलं की येतंय बराबर." मी "बरं" म्हणाले. नको म्हणायला पाहिजे होतं, पण म्हणवलं नाही. मला त्यांना दिसायचं होतं. एकदाच, पाच मिनिटं, त्या जाळ्यासमोर उभी. आयुष्यात एखादी गोष्ट मी इतकी मागितली असेल तर तीच. त्यांनी आजवर माझं केलेलं सगळं सोडून पुन्हा बांधलं होतं. एकदा त्यांनी लांबून बघावं, आणि मध्ये येऊन काही सोडता येऊ नये, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मॅडमनी नावं वाचली. पहिलं नाव रोमीचं. मी बुटांच्या नाड्या बांधत होते, त्या बांधत राहिले. बाहेर पडताना मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "आज नहीं, बेटा." आधीच्या दोन सामन्यांना त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं. म्हणजे माझ्या तोंडावर सगळं दिसत असणार. बाकावर माझी जागा कडेची. वारा समुद्राकडून येत होता आणि मी मनात बोरीचं रान बघत होते. आबा आता कठड्यावर बसले असतील. माणिकरावांना विचारत असतील, आपली कुठली.

पहिला अर्धा भाग संपता संपता समोरच्या संघाच्या एका उंच पोरीने चेंडू असा मारला की तो रोमीच्या हाताखालून गेला, जाळ्यात शिरला आणि जाळं फाडून मागच्या जाहिरातींच्या पाट्यांवर जाऊन आदळला. दोर कुठेतरी आधीच विरलेला असणार. आत गेला की बाहेरून गेला यावर थोडी वादावादी झाली, पण गोल होता, आम्हालाही ठाऊक होतं. मध्यंतरात खेळणाऱ्या पोरी आत गेल्या आणि आम्ही राखीव पोरी मैदानात चेंडू खेळवायला उतरलो. दोन कामगार त्या जाळ्याशी झटत होते. त्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्या आवळून भोक बंद केलं, तर जाळं एका अंगाला ओढलं गेलं आणि खांबाकडून सुटायला लागलं. ते सोडून पुन्हा आवळलं, तर भोक. पंच बाई घड्याळ बघत उभ्या. कामगारांचाही दोष नव्हता. पट्टीने आवळलं की घर लहान होतं आणि शेजारचं ताणतं. ते भोक आवळायचं नसतं, नवी घरं विणून भरायचं असतं.

मी का गेले, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक हाताला काम नव्हतं म्हणून. मी हातमोजे काढून काखेत धरले आणि त्यातल्या एकाला दोरीची खूण केली. त्याने खिशातून पांढऱ्या दोरीची गुंडाळी काढून दिली. मी प्रेक्षकांकडे पाठ करून खाली बसले. तुटके दोर बाजूला केले, चार बोटं लावून घर मोजलं आणि गाठ मारली. मग पुढचं घर. त्या जाळ्याची घरं आमच्या वाघरीपेक्षा मोठी होती, तेव्हा चार बोटांवर दुसऱ्या हाताची दोन धरावी लागत होती. बोटं गारठली होती तरी चुकली नाहीत. तेवढा वेळ मी कुठे आहे हे विसरले होते, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. मागून आता आबा येतील आणि सोडायला लागतील, एवढंच एकदा मनात येऊन गेलं. शेवटची दोरी दातांनी तोडली. पंच बाईंनी जाळं दोनदा ओढून बघितलं आणि मान हलवली. कामगार माझ्याकडे बघून हसला, मीही हसले. इतर कुणी बघितलं नाही. पोरी बाहेर येत होत्या, मॅडम रोमीशी बोलत होत्या. मी बाकावर कडेला जाऊन बसले आणि गरज नसताना हातमोजे घातले.

दुसऱ्या भागात बाजू बदलल्या, म्हणजे ते जाळं आता समोरच्या संघाचं झालं. शेवटी शेवटी आमच्या कॅप्टनने लांबून मारला आणि चेंडू नेमका मी विणलेल्या त्या खालच्या कोपऱ्यात गेला. जाळं फुगलं, चेंडू थांबला आणि गवतावर पडला. सगळा बाक उठून धावला. मी पण उठले, पण माझी नजर जाळ्यावरच. गाठ सरकली नव्हती. सामना बरोबरीत सुटला आणि बरोबरीने फायनल मिळत नव्हती. पोरी मैदानातच बसून रडल्या. त्यांचं रडणं सामन्यासाठी होतं, मी त्यात सामील झाले नाही. मी खोलीवर जाऊन रडले, घोंगडीत तोंड खुपसून, आणि आबांचा फोन येईल म्हणून फोन बंद करून ठेवला. आवतन मिळूनही पंगतीत न बसलेली पोरगी त्यांच्याशी कुठल्या तोंडाने बोलणार होती?

परत आल्यावर कळलं की राणीसावरगावच्या चौकात माझा फोटो लावलेला फ्लेक्स आहे, खाली 'आंतरराष्ट्रीय खेळाडू'. मी गावाकडे फिरकलेच नाही. परभणीच्या स्टँडवरून बोरीची बस धरली आणि फाट्यावर उतरून पायवाटेने माणिकरावांच्या रानात गेले. ज्वारीची धाटं उभी होती, ऊन तिरपं झालं होतं. कडुलिंबाखाली आमचं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, आणि माय भाकरी थापत होती. मला बघून तिने पीठ लागलेल्या हाताचं मनगट माझ्या गालावरून फिरवलं. कुत्रं पायाशी येऊन लोळलं. मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते बिघडेल.

"तीन रोज तुझ्या आबानं मेंढरं अर्ध्या पोटी माघारी आणली. दुपारीच, खेळ बघाया. मी म्हणलं, जित्राबं उपाशी ठिवतेत का, तर म्हणे तीन रोज धकतंय. तिसऱ्या रोजी तर धुतलेला पटका काढला. बसलो समदे विहिरीवर. ती दुसरीच पोरगी उभी. तुझा आबा मालकाला म्हणला, हिची तर झाली ना बारी? मालक काय बोलत्याल. मधी सुट्टी झाली तवा मालक फोन बंद करायलते, आमी उठलोच व्हतो. तवर आबा म्हणला, थांबा मालक, ती कौसी हाय. मला काय दिसंना, नुसती पाठ. मी म्हणलं कशावरून? तर म्हणे, बोटं लावायली बघ."

चुलीतला धूर डोळ्यांत जात होता, ते सोयीचंच झालं.

आबा मेंढरं घेऊन आले तेव्हा दिवस बुडायला आला होता. आधी धूळ दिसली, मग घुंगरं, मग ते. मी पुढे होऊन पाया पडले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, वाळली आहे की भरली आहे ते मेंढराला बघावं तसं. सामन्याचं, हरण्याचं, बारीचं एक अक्षर काढलं नाही. मला मात्र राहवेना.

"आबा, माझी बारी आलीच न्हाई," मी म्हणाले.

"बघितलं मी." ते मेंढरांना हुसकत वावराच्या मधोमध नेत होते. तसंच त्यांनी विचारलं, "दोरी कसली व्हती ती? पांढरी?"

"नायलॉनची."

"निसरडी असती ती. पीळ किती दिले?"

"एक जास्तीचा दिला."

"गाठ बसली का?"

"बसली. मागून चेंडू आला तवा बी सरकली न्हाई."

"हां," आबा म्हणाले. आणि खांद्यावरचं वाघरीचं ओझं माझ्या पुढ्यात टाकून हातपाय धुवायला गेले.

आबा आता माझ्याकडेच राहतात. मेंढरं विकली, कारण बसवायला रानं मिळेनात आणि त्यांच्याने चालवेना. संध्याकाळी काठी टेकत शाळेच्या मैदानावर येतात आणि गोलच्या मागे बसतात. जी पोरगी गोलात उभी असेल तिच्याशी अधूनमधून काहीतरी बोलत असतात. ती मला येऊन विचारते, आजोबा काय म्हणतात ते कळत नाही. मी म्हणते, कळेल. बोरीच्या रानातल्या त्या संध्याकाळचं आबांना काही आठवतं का, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्या मेखेपासून सुरुवात केली. मेंढरं मध्ये दाटीवाटीने उभी, एखादं खोकत होतं, कोकरं आयांना शोधत होती. एक गाठ मारली, दुसरी मारली, आणि सवयीने मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मला वाटलं, येतील, हातपाय धुऊन येतील. पुढच्या कोपऱ्यावर पोचले, तेव्हा ते चुलीपाशी मायच्या समोर बसलेले दिसले, माझ्याकडे पाठ करून. मी मुद्दाम हळू बांधायला लागले. तिसरा कोपरा झाला, चौथा झाला, शेवटचं टोक पहिल्या मेखेला आणून आवळलं, तरी ते उठले नाहीत. परदेशात त्या रिकाम्या हॉटेलात मला जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं मला त्या क्षणी माझ्याच माणसांपासून हाकेच्या अंतरावर वाटलं. आजवर माझ्या मागे कुणीतरी चालत होतं, ते आता नव्हतं.

मी तिथूनच विचारलं, "आबा, गाठी बघून घेता का?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मागे वळलेसुद्धा नाहीत.

"त्याच्यात काय बघायचंय?" ते म्हणाले.

मग मीच वाघरीला धरून बाहेरून एक फेरी मारली, हात धुतले आणि त्यांच्याशेजारी जेवायला बसले.